मु. पो. सुपर व्हिसा

परक्या मुलखातून येऊन रत्नागिरीत सगळ्यांत लांब मुक्काम कोणी ठोकला, असं विचारलं तर इथलं शाळकरी पोरही थिबा राजाचं नाव घेईल. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८८६च्या एप्रिलात, म्हणजे आंबा ऐन भरात असताना, इथे उतरला आणि १९१६च्या डिसेंबरात इथेच गेला. तीस वर्षं आणि वर आठ महिने. ना अर्ज, ना फी, ना बोटांचे ठसे. 'मुक्काम संपल्यावर तुम्ही मायदेशी परत जाल याला पुरावा काय?' हे तर त्याला कोणी विचारलंच नाही. तो परत जाईल याचीच इंग्रजांना धास्ती होती. राहायला राजवाडा बांधून दिला तोही १९१० साली, पाहुणा येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. रत्नागिरीतली बांधकामं वेळेवर पुरी होत नाहीत ही ओरड आजची नव्हे.

त्यानंतर सावरकर. १९२४ साली त्यांना इथे ठेवलं ते दोन अटींवर. जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही. मुदत पाच वर्षांची. तिला मुदतवाढ मिळत मिळत १९३७ उजाडलं. सांगायचा मुद्दा, लांबच्या मुक्कामाचा आमच्या गावाला अनुभव दांडगा आहे, पण तो सगळा यजमानाच्या बाजूने. खिडकीच्या अलीकडे उभं राहून अर्ज पुढे सरकवायची पाळी आमच्या घरात पहिल्यांदाच आली, ती मागच्या गणपतीत.

"बाबा," टोरोंटोजवळच्या मिसिसागातून लेक बोलत होती, "साधा व्हिजिटर नको. सहा महिन्यांत परत फिरावं लागतं. आपण सुपर व्हिसाच करू या."

सुपर हा शब्द मी तोवर कोकण रेल्वेच्या गाड्यांपुढे लावलेला पाहिला होता, त्यामुळे त्यावर माझा फारसा विश्वास नव्हता. पण लेकीने समजावून सांगितलं. कॅनडा सरकारने २०११च्या डिसेंबरात खास आईबापांसाठी आणि आजी-आजोबांसाठी हा व्हिसा काढला. आधी एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं, जुलै २०२२पासून पाच वर्षं राहता येतं.

"सलग पाच वर्षं?" मी विचारलं. मी मुलुंडला मेव्हणीकडे सलग पाच दिवस राहिलेलो नाही.

"पाच वर्षं?" आत मोदकांची उकड मळता मळता हीसुद्धा ओरडली. "अहो, मग दळणाचं काय?"

पुढे सहा महिने हा व्हिसा आमच्या घरात माणसासारखा राहिला. सकाळी चहाला त्याचा विषय, रात्री झोपताना त्याचा विषय. त्याच्यासाठी कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता. लग्नाचा शालू त्यापायी माळ्यावर गेला.

पहिला कागद लेकीने तिकडून पाठवायचा होता. आमंत्रणाचं पत्र. त्यात तिने लिहून द्यायचं की माझ्या आईवडिलांचा सगळा खर्च मी करीन, माझ्या घरात माणसं इतकी आणि माझी मिळकत इतकी. मिळकतीला खालची मर्यादा आहे आणि ती घरातल्या डोक्यांवर ठरते. त्या डोक्यांत आमची दोन डोकीही धरतात. आमच्या आजोबांनी आत्याच्या घरी, तिला मूल होईपर्यंत, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आत्याच्या गावी जायचे, अंगणातल्या पेळेवर बसायचे, बरोबर आणलेली दशमी खायचे आणि उन्हं कलली की परत फिरायचे. त्यांच्या नातवाला लेक जेवायला घालणार आहे, हे आता एका परक्या सरकारला लेखी हवं होतं, सहीशिक्क्यानिशी, आयकराच्या कागदांसह. पत्र वाचून मी गप्प बसलो. हिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अक्षर टाइप केलेलं असलं तरी भाषा तिचीच आहे हो."

विमा निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि निदान वर्षभराचा लागतो. रुपयांत साठ लाखांच्या वर. इतक्या किमतीचा मी उभ्या आयुष्यात कधी नव्हतो. त्या रात्री हिने मला मोरीत जपून जायला सांगितलं.

खरी गंमत पुढे, नात्याच्या पुराव्यात. आमची लेक ही आमचीच लेक आहे, हे सिद्ध करायचं होतं. त्याला तिचा जन्मदाखला. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, राजापूरला. नोंद करायला गेला तिचा मामा. बारसं व्हायचं होतं, म्हणून मुलाच्या नावाचा रकाना कोरा. आईच्या नावाच्या रकान्यात मामाने, तो बहिणीला जी हाक मारायचा तेच नाव सांगितलं आणि कारकुनानेही ते निमूटपणे उतरवून घेतलं. 'बेबी'. म्हणजे कागदोपत्री एका बेबीला बेबी झाली होती. लेकीचं नाव पुढे शाळेत घालताना आम्ही दाखल्यात चढवून घेतलं. आईची बेबी कोणाच्या लक्षातच आली नाही. पासपोर्टवर ती सुनंदा आहे, कारण लग्नात मी तांदळात अंगठीने ते नाव लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर ती कुसुम आहे, कारण ती जन्मली तशी. लग्नात बायकोचं नुसतं आडनावच नाही, पाळण्यातलं नावसुद्धा बदलायची हौस आमच्या पिढीला होती. तांदळात ते नाव लिहिताना मला फार कवी असल्यासारखं वाटलं होतं. चाळीस वर्षांनी त्या कवितेचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

जयस्तंभापाशी नोटरींची टेबलं आहेत. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर भागायचं, ऑक्टोबर २०२४पासून पाचशेचा लागतो. नोटरींनी मजकूर वाचून दाखवला. बेबी, कुसुम आणि सुनंदा या तीन व्यक्ती नसून एकच आणि तीच व्यक्ती आहे, असं मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते.

"पटतंय ना?" त्यांनी हिला विचारलं.

"मला पटतंय," ही म्हणाली, "ह्यांना विचारा. तिघींशी संसार ह्यांनी केलाय."

मग कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म आला. आई, वडील, भाऊ, बहिणी, सगळ्यांच्या जन्मतारखा. जावयांनी तिकडे संगणकावर तक्ता उघडला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, तुमची?"

"एक जून सत्तावन्न."

"मोठे काका?"

"एक जून पंचावन्न."

"आत्या?"

"एक जून एकोणसाठ."

पलीकडे शांतता पसरली. जावई पुण्यात, इस्पितळात जन्मलेले. त्यांना हे नवीन होतं. महाराष्ट्रात माझ्या वयाची जी खेड्यातली प्रजा आहे, तिच्यातली केवढीतरी एक जूनला जन्मली आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचा बाप त्याला बखोटीला धरून आणायचा, मास्तर विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा मोठ्या पावसाच्या साली, आणि मास्तर पोराला उंचीच्या अंदाजाने एक जून देऊन टाकायचे. म्हणून तर एकतीस मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागायची आणि हाराला फुलं मिळायची नाहीत. मी हे जावयांना अधिकाराने सांगू शकलो, कारण मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही बरीच पोरं एक जूनला जन्माला घातली आहेत. त्यातलं एक आज मंडल अधिकारी आहे.

"पण बाबा, कॅनडाच्या अधिकाऱ्याला वाटेल..."

"त्याला काय वाटायचं ते वाटो. कागदावर आहे."

माझ्या खऱ्या जन्माबद्दल आई सांगायची ते एवढंच की थोरल्या म्हशीला रेडी झाली त्याच श्रावणात मी झालो. रेडीचीही नोंद कुठे नाही.

गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात, या प्रश्नाला मी 'एकही नाही' असं लिहिलं. दहाच्या जागी सत्तर वर्षं विचारली असती तर गोवा घालता आलं असतं. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी आमचा रत्नागिरी जिल्हा पार खाली गोव्याला भिडायचा, आणि गोवा १९६१पर्यंत पोर्तुगालचा. आमच्या जिल्ह्याला युरोप चिकटलेला होता. सावंतवाडीकडचे लोक सोयरिकी करायला परदेशात जायचे आणि रात्री जेवायला स्वदेशात यायचे. असो. त्याबद्दल कुठे रकाना नाही.

रकाने होते ते भलतेच. सैन्यात, पोलिसांत किंवा नागरी संरक्षण दलात होता का? मी कॉलेजात दोन वर्षं एन.सी.सी. केली होती आणि रायफल एकदा, साफ करण्यापुरती, हातात घेतली होती. घालू की नको, यावर दोन दिवस गेले. कधी गुन्हा केला, अटक झाली, खटला भरला गेला, असं काही आहे का? इथे मात्र आमच्या घरात खरीखुरी चिंता पसरली. कारण कोर्टात आमची केस चालू आहे.

ही केस थोडी सांगायला हवी. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला लागलं की आमचं गाव. तिथे आमची वडिलोपार्जित बाग आणि शेजारी माझे चुलतभाऊ तात्या यांची. मध्ये गडगा. गडगा म्हणजे जांभ्याचे धोंडे नुसते एकावर एक रचलेले; चुना नाही, सिमेंट नाही. त्यामुळे तो ढासळतो, आणि पुन्हा रचताना रचणाऱ्याच्या सोयीने थोडा सरकतो. २००८च्या पावसाळ्यानंतर तो दीड हात माझ्या बाजूला सरकला, असं माझं म्हणणं. तो होता तिथेच आहे, माझी बाग सरकली, असं तात्यांचं. दावा मी लावला. त्या दीड हातात एक रातांब्याचं झाड येतं. झाड कोणाचं हे कोर्ट ठरवील, तोवर रातांबे निम्मे निम्मे होतात आणि आमसुलं दोन्ही घरी वाळत पडतात. तारखेला आम्ही दोघे तात्यांच्या स्कूटरवरून जातो. पेट्रोल एकदा त्यांचं, एकदा माझं. कोर्टात एकमेकांकडे पाठ करून बसतो, कारण वकिलांनी तसं सांगितलेलं आहे. पुढची तारीख पडली की समोरच्या हॉटेलात भजी खातो आणि परत येतो. मागच्या जुलैत एका रात्री वादातला गडगा सगळाच्या सगळा आडवा झाला. दावा मात्र अजून उभा आहे.

जावयांनी वाचून सांगितलं की प्रश्न फौजदारी गुन्ह्यांचा आहे, हे प्रकरण दिवाणी, म्हणून 'नाही' लिहायचं. "आणि बाबा, प्लीज, अर्जात कुठेही कोर्टाचं नाव काढू नका." ठीक आहे, नाही काढत.

राहता राहिला सर्वांत मोठा पुरावा. परत येण्याचा. अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे की हे म्हातारं-म्हातारी मुदत संपली की आपल्या देशात परत जातील. आता कोकणी माणसाला परत येण्याचा पुरावा मागणं म्हणजे भरतीला मागण्यासारखं झालं. गिरगावात नाहीतर लालबागेत साठ साठ वर्षं काढलेला चाकरमानीसुद्धा गणपतीला निघतो तेव्हा 'घरी जातो' म्हणतो आणि परतताना 'मुंबईला जातो' म्हणतो. मुंबईचं घर त्याच्या तोंडी 'खोली'च राहतं, मग ते तीन बेडरूमचं का असेना. पण हे फॉर्मला जोडणार कसं?

त्याला सातबारा जोडतात, असं कळलं. मी उतारा काढला. भोगवटादारांची नावं एकोणतीस. त्यांतले अकरा स्वर्गवासी, दोघांचा पत्ता नाही, आणि एक मी जन्मल्यापासून रागावून बडोद्याला आहेत. क्षेत्र सामाईक. हिशेब केला तर माझ्या वाट्याला साडेतीन गुंठे, विहिरीत सोळावा हिस्सा आणि पायवाटेने जाण्याचा हक्क येतो. असा मालमत्तेचा पुरावा पाहून अधिकारी आम्हाला परत पाठवायच्या ऐवजी तिकडेच काहीतरी मदत मंजूर करील अशी भीती वाटत होती. शिवाय उतारा मराठीत, त्याचं इंग्रजी भाषांतर हवं. ते मी एका होतकरू तरुणाला दिलं. तो झटपट काम करतो अशी ख्याती होती.

झटपट केलं यात शंका नाही. 'आंबा कलमे १४' याचं त्याने केलं होतं 'मँगो, सेक्शन फोर्टीन'. वाचणाऱ्याला वाटावं की आंब्यावर कुठल्यातरी कायद्याखाली गुन्हा दाखल आहे. पण हे काहीच नव्हे. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून एक नोंद असते. शेतजमिनीतला लागवडीला निरुपयोगी तुकडा. कातळ, ओहोळ, असं काही. भाषांतरात लिहिलं होतं, 'स्टमक अपसेट, झीरो पॉइंट झीरो थ्री हेक्टर्स'.

मी ते हिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ पदराने डोळे पुसत होती. मग म्हणाली, "राहू दे तसंच. तीन आर म्हणजे काही फार नाही. मेडिकलला चालून जाईल."

मी रात्रभर बसून स्वतः भाषांतर केलं. गावातल्या मुलांना तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याचा तेवढा एक उपयोग झाला. आणि मग 'मी परत का येईन' याचं पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा असा होता. डिसेंबरात मोहोर येतो, तेव्हा फवारणीला मला इथे असावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत फळ धरतं, तेव्हा माकडांवर नजर ठेवायला असावं लागतं. मार्च ते मे आंबा उतरवायचा. जूनच्या आत लाकडं आत घ्यायची, पडवीला झड बांधायची. जुलैत झाडांना आळी करायची. मग गणपती. मग गवत काढायचं. मग दिवाळी. मग पुन्हा मोहोर.

जावयांनी तो वाचला आणि फार नम्रपणे म्हणाले, "बाबा, हे वाचून तो विचारेल, मग तुम्ही जाताच कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी दुसरा मसुदा लिहिला, त्यात सामाजिक बांधिलकी वगैरे घातली. तो वाचून मला स्वतःलाच खात्री वाटेना की हा माणूस परत येईल. तिसऱ्याच्या वेळी ही भाजी निवडत शेजारी बसली होती. म्हणाली, "तुमच्या त्या तारखा जोडा की. बाकी सगळं सोडाल तुम्ही एकवेळ. तो दीड हात सोडणार आहात का?"

मी जावयांना न सांगता कोर्टात गेलो, रोजनाम्याची नक्कल काढली, भाषांतर केलं आणि पत्रात एक ओळ वाढवली. सदर अर्जदार हा दिवाणी दाव्यात वादी असून दावा प्रलंबित आहे आणि वादी प्रत्येक तारखेला जातीने हजर राहतो. नक्कल काढायला तात्यांच्याच स्कूटरवरून गेलो होतो. कशाला हवी म्हणून त्यांनी विचारलं नाही. वकिलाला लागत असेल असं समजले असावेत.

मार्चमध्ये मुंबईची तारीख मिळाली. बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी, दोन्ही एकाच फेरीत. आमचे इथले डॉक्टर पंधरा वर्षं माझं बी.पी. बघताहेत, पण कॅनडाला ते चालत नाहीत. त्यांच्या यादीवरचाच डॉक्टर लागतो. फी माणशी १०० डॉलर अर्जाची आणि ८५ डॉलर ठशांची. कोकणकन्येची तिकिटं काढली. आणि निघायच्या आदल्या दिवशी हिने ओले काजूगर सोलायला घेतले.

"आज?" मी म्हटलं.

"बहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ?"

ज्यांनी ओले काजूगर फक्त उसळीत पाहिले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. कोवळ्या काजूच्या सालीत तेल असतं, आणि ते कातडी जाळतं. हाताला खोबरेल लावा, राख लावा, शेदीडशे बिया चिरून गर काढले की बोटांची टोकं आधी काळी पडतात आणि दोन दिवसांनी त्यांची सालं निघायला लागतात. दर हंगामात हिची बोटं अशी होतात आणि पावसापर्यंत भरून येतात. त्या बोटांचे ठसे आता कॅनडाच्या राजाला हवे होते.

व्हिसा केंद्रात पिशवी आत नेऊ देत नाहीत. म्हणून माझं काम उरकल्यावर मी काजूगरांची पिशवी छातीशी धरून बाहेर उभा राहिलो आणि पुढचं मला हिने नंतर सांगितलं. काचेवर बोटं ठेवली की यंत्र लाल व्हायचं. पुसून ठेवली, लाल. ओल्या फडक्याने पुसून ठेवली, लाल. टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजी, जरा दाबून ठेवा." आजी म्हटल्यावर हिने इतकं दाबलं की यंत्र हललं. तरी लाल. पाचव्यांदा त्या मुलीने हात हातात घेऊन उलटा केला, बोटांची टोकं पाहिली आणि हळूच विचारलं, "काजूगर सोललेत?"

ती लांज्याची निघाली. तिची आई दर वर्षी अशीच बोटं घेऊन बसते. मग तिने कुठलंसं मलम लावलं, एकेक बोट स्वतः धरून काचेवर टेकवलं, आणि सहाव्या खेपेला यंत्र हिरवं झालं. हे ठसे दहा वर्षं चालतात. म्हणजे कॅनडा सरकारच्या दप्तरात पुढची दहा वर्षं बायकोची जी ओळख राहणार आहे ती निघालेल्या सालांसकट. बाहेर आल्याबरोबर हिने माझ्याकडून पिशवी घेतली आणि मूठभर काजूगर कागदात बांधून पुन्हा आत निघाली. पहारेकऱ्याने अडवलं. कागदाची पुडी हीसुद्धा पिशवीच, असं त्याचं म्हणणं पडलं.

व्हिसा झाला. शेवटचा आंबा उतरवून पेट्या रिकाम्या करत होतो तेव्हा लेकीचा फोन आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट शिक्के होऊन घरी आले. कशामुळे झाला ते अधिकारी लिहीत नाहीत. नाकारला तरच कारणं देतात. जावयांच्या मते त्यांच्या मिळकतीमुळे. हिच्या मते गणपतीमुळे. माझं मत मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावसाची सर येऊन गेल्यावर बागेत गेलो. तात्या आडव्या झालेल्या गडग्याचे धोंडे वेचून एका बाजूला रचत होते. पंचा गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोक्याला प्लास्टिकची पिशवी. कोणाच्या बाजूला रचताहेत ते मी आधी डोळ्यांनी मोजून घेतलं.

"मिळाला म्हणे तुला?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"मिळाला."

"किती दिवसांचा?"

"एका खेपेला पाच वर्षं राहता येतं."

तात्यांनी हातातला धोंडा खाली ठेवला. सरळ उभे राहिले. डोक्यावरची पिशवी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"पाच वर्षं? आणि तारखेला कोण येणार?"

"वकील आहेत की, तात्या."

"त्याला काय धाड भरलीय, तो येतोच. मी विचारतोय, माझ्याबरोबर कोण येणार?"